पुकारलेला आहेर

(पडेगावचे माईकवाले सुदामभाऊ यांनी सांगितलं तसं)

माझं गाव देवगाव रंगारी, कन्नड तालुक्यातलं, मोठं गाव हाय, बाजाराचं, पण आमचं घर गावाच्या कडंला, आन् माझा आजा गावात दवंडी द्यायचा, म्हंजे पाटलाचा हुकूम आला की भर उन्हात गल्लीगल्लीनं वरडत जायचं, अमक्याचं ढोर हरवलं, तमक्या दिवशी सारा भरा, आन् वरडून वरडून घसा सुकला तर त्याला पाणी वरूनच ओंजळीत, असं ते दिवस. मंग बाबासाहेबांनी धम्म दिला, तव्हा माझ्या बापानं घरात सांगून टाकलं, आजपासून ह्या घरातून दवंडी बंद, गावकीचं एक काम व्हणार नाय, आन् नाय केलं, विहिरी खंदल्या, मजुरी केली, पर दवंडी नाय दिली. आन् त्याच बापाच्या पोटी मी जन्मलो, असा आवाज घेऊन की बाळंतिणीच्या खोलीत रडलो तर पल्याडच्या शिवारात ऐकू गेलं म्हणं. आता सांगा ताई, अशा आवाजाचं माणसानं करावं काय?

मी माईक धरला तव्हा बाप लई चिडला होता, म्हणला, पुन्हा दवंडीच का रं? मी म्हणलो, बाबा, आजा दुसऱ्याच्या हुकमानं वरडला, मी माझ्या मर्जीनं बोलतो, आन् मला बोलवायला लोक घरी येतेत, खुर्चीवर बसतेत, च्या पितेत. बाप फावडं घेऊन कामावर निघून गेला. पर एकदा एका लग्नात मी बोलायलो आन् बघतो तर बाप मागच्या खुर्चीवर बसून मान डोलवायलाय, बोलावणं नसताना आलता, जेवलाबी नाय, नुसता ऐकून गेला.

तर माझं काम काय, तर आहेर पुकारायचं. लग्न लागलं, वंदना झाली, नवरानवरीनं माईकवर प्रतिज्ञा घेतल्या की पुढं माझी बारी. कुणी कुणाला काय दिलं ते सगळ्या मंडपाला सांगायचं. तुम्हाला सोपं वाटंल, पर नाय ताई, त्याला डोकं लागतं. मामाचा आहेर आधी, मंग मावशी, मंग पाव्हणे, आन् कुणी साधी वाटी दिली तरी ती अशी पुकारायची की देणाऱ्याची मान वर झाली पाह्यजे. एका मामाचं नाव राह्यलं तर अख्खी वऱ्हाडाची बाजू न जेवता उठून जाती, मी डोळ्यानं पाहेल हाय, दुसऱ्याच्या मंडपात बरं का, माझ्या नाय. माझ्यासारखा आहेर पुकारणारा पडेगावापासून उस्मानपुऱ्यापर्यंत दुसरा नाय, लोकं म्हणतेत असं, आन् मीबी म्हणतो, खोटं कामून बोलू?

आन् रीत अशी हाय की एकदा माईकवर पुकारला त्यो आहेर परत घ्यायचा नसतो. वस्तू मागनं पोचती झाली तरी चालंल, पर पुकारलं म्हंजे दिलं. अख्खा समाज साक्षीला असतो. कागदावर सही करून फिरलेली माणसं मी पाह्यलीत, पर पुकारलेला आहेर नाय दिला असा माणूस आमच्यात नाय सापडायचा, कारण मंग त्याला पुढच्या लग्नात तोंड दाखवायला जागा राहत नाय.

शहरात मी आलो ते आत्याकडं. आत्या म्हंजे चंद्रकला, माझ्या बापाची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेकरू, दिलीप, आन् ती सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली. वार्ड पुसायचे, बाळंतिणींचं करायचं, रात नाय दिवस नाय. त्याच पगारात तिनं पडेगावात जागा घेतली, तव्हा तिथं कुणी जात नव्हतं हो, दौलताबादकडं जाणारा रस्ता आन् दोन्ही बाजूनं बाभळी, लोक म्हणायचे चंद्राबाई तुला येड लागलं का. आधी पत्रे होते, मंग इटा, मंग स्लॅब. मी त्या स्लॅबला पाणी मारेल हाय. मला ती वर्षानुवर्षं जेवू घालायची, दिलीपच्या ताटात जे तेच माझ्या ताटात, कधी दुजाभाव केला नाय. म्हणून मी तिच्यासाठी कुठंबी भांडायला तयार, हे आधी सांगून ठेवतो, नायतर तुम्ही म्हणाल ह्याला कामून एवढं लागलं.

आता दिलीप. दिलीप वाईट नाय ओ. लहानपणी आम्ही दोघं एका गोधडीत झोपलो. पर त्याला मोठं दिसायचा शौक लई. गाडी मोठी, गॉगल मोठा, बोलणं त्याहून मोठं. प्लॉटिंगच्या धंद्यात पडला, चार लोकांच्या मागं फिरायचा, आन् फिरता फिरता अडकला. आत्या रिटायर झाली, पेन्शन चालू झालं, तव्हा त्यानं सांगितलं, आई, तुला मशिनीतलं काय कळतं, आण ते कार्ड माझ्याकडं. दिलं तिनं. आईच ती. मंग घरात किराणा येतो ना, मंग झालं, तिनं कधी इचारलं नाय.

मला कसं कळलं सांगतो. एक दिवस आत्या माझ्या घरी आली, बसली, उठली, परत बसली, आन् बायकोच्या कानात म्हणली, सुदामला सांग ना, बीपीच्या गोळ्या संपल्यात. काय सांगू ताई तुम्हाला! जी बाई स्वतःच्या पगारावर घर बांधून बसली, जी महिन्याच्या महिन्याला सरकारचं पेन्शन घेती, ती गोळ्यांसाठी भाच्याच्या बायकोच्या कानात बोलती! मी म्हणलो, आत्या, तुझं पेन्शन कुठं जातं? तर म्हणली, दिलीपला अडचण हाय सध्या. मी म्हणलो, सध्या म्हंजे कव्हापासून? तर माझ्यावरच डाफरली, गप बस, माझं लेकरू हाय, तुला कुणी पंच नेमलंय का.

मी गोळ्या आणून दिल्या, पर झोप उडाली माझी. मंग एक दिवस तिच्या घरावरून जायलो तर बघतो, आत्या विहारात गेलेली आन् एक माणूस टेप घेऊन तिचं घर मोजायलाय. जागा घेणारा-इकणारा होता, गोरखशेठ नाव त्याचं. मी म्हणलो, शेठ, हे काय चालू हाय? त्यो म्हणला, दिलीपरावांनी सौदा केला ना, इसार दिलाय मी, आगाऊ पैसे, म्हातारी गावाला राहायला चालली म्हणं खुशीनं, पोरीचं लगीन झालं की दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री. गावाला कुठं? देवगावातल्या आमच्या जुन्या घरावर पत्रासुदीक नाय राह्यला, आन् तिथं करणार कोण तिचं?

धावत विहारात गेलो, आत्याला बाजूला घेतलं, सौद्याचं आन् रजिस्ट्रीचं सांगितलं. ती म्हणली, छ्या, दिलीप मला हयातीच्या दाखल्याला नेणार हाय, पेन्शनसाठी लागतो त्यो, मी जिती हाय म्हणून दाखवायला. मी म्हणलो, आत्या, त्यो दाखला रजिस्ट्री ऑफिसात नसतो मिळत! ती माझ्याकडं बघतच राह्यली. मंग म्हणली, पूजाचं लगीन होऊ दे. पूजा म्हंजे दिलीपची लेक, हिची नात, लई जीव तिच्यावर. मी म्हणलो, लगीन होऊ दे आन् मंग? तर म्हणली, मंग काय, लेकरू म्हणंल तिथं सही करीन, मी का घर संगं नेणार हाय?

ऐकलं का? सही करीन म्हणली!

मी प्रांत साहेबांच्या ऑफिसात जाऊन इचारून आलो, तिथं म्हाताऱ्या आईबापाचे अर्ज घेतेत. एका मॅडमनी नीट समजावलं, म्हणल्या, घर आजीच्या नावावर हाय ना, मंग त्यांच्या सहीबिगर कुणाच्या बापाला इकता येत नाय, आन् पोराला घर बक्षीसपत्रानं द्यायचंच असंल तर कागदात लिहून घ्या की त्यानं जन्मभर सांभाळायचं, नाय सांभाळलं तर बक्षीस रद्द करता येतं, आन् छळ व्हत असंल तर आत्ताच अर्ज द्या. मी खुशीत येऊन आत्याला सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठिवला आन् म्हणली, सुदाम, पोटच्या पोरावर अर्ज करायला लावशील तर माझ्या दारात पाय ठिवू नको. संपलं. आता कायदा हाय, ऑफिस हाय, मॅडम चांगल्या हायेत, पर आईच अर्ज देईना तर कायदा काय करंल?

मंग आलं लगीन. उस्मानपुऱ्यात हॉल केलता दिलीपनं, एसीचा, दारात फुलांची कमान, येसराची आमटी, बुंदी, जिलबी, सगळं. माईक माझ्याकडंच, घरचंच लगीन. आन् बघतो तर पहिल्या रांगेत गोरखशेठ, पांढऱ्याफेक कपड्यात, दिलीपनंच बोलावलेला, दुसऱ्या दिवशीचं पक्कं करायला. आत्या बाजूला भिंतीशी, निळी काठाची साडी, हातात लहान डबी. माईक हातात असून मला बोलता येईना, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं असंल.

आता मी काय करायचं? माईकवरून दिलीपची उणीदुणी काढली तर पोरीचं लगीन मोडंल, आन् लग्नात भांडण लावणारा माईकवाला उद्या कुणी उभा करंल का? माझ्या हातात एकच इद्या, तारीफ. मी आजवर कुणाची निंदा पुकारली नाय, पुकारणार नाय. मंग मी म्हणलो, चला, तारीफच करू.

वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या, फुलं पडली. आहेर चालू झाला. मामाचा झाला, मावश्यांचा झाला, मंग आत्यानं डबी दिली, तिच्या कानातले झुबे होते त्यात, मी पुकारलं, वधूच्या आजी, चंद्रकलाबाई, ज्यांनी दवाखान्यात चाकरी करून, पोटाला चिमटा घेऊन पडेगावात घर उभं केलं, त्यांच्याकडून नातीला कानातले झुबे! टाळ्या पडल्या. तिथंच मी थांबलो नाय, आवाज चढवला, म्हणलो, आन् मंडळी, अशी माय ज्याला मिळाली ते भाग्यवान चिरंजीव, समाजाचे तरुण कार्यकर्ते, आपले वधूपिता दिलीपराव, त्यांनी आपल्या मातोश्रीबद्दल दोन शब्द बोलावेत अशी अख्ख्या मंडपाची इच्छा हाय! आन् टाळ्या वाजवा म्हणलो. वाजवल्या लोकांनी, कडकडाट.

दिलीपला तर तेच पाह्यजे होतं. कोट सावरला, गॉगल डोक्यावर सरकवला आन् माईक घेतला. हरभऱ्याच्या झाडावर एकदा चढलं की माणसाला खालचं काय दिसत नाय. म्हणला, माझी माय माझं दैवत, म्हणला, तिच्या कष्टावर मी मोठा झालो, म्हणला, तिनं इटा डोक्यावर वाहून घर बांधलं. मी बाजूनं नुसतं वा, वा! लोक टाळ्या वाजवायले तसा त्यो चढत चाललेला, आन् शेवटी छातीवर हात मारून म्हणला, माझी आई जिती हाय तवर त्या घराची एक वीटसुदीक कुणी हलवू शकत नाय, हा दिलीपचा शब्द हाय!

गोरखशेठच्या हातातली जिलबी हातातच राह्यली. त्यो उठून उभा राह्यला आन् दिलीपकडं बघायला लागला. दिलीपची नजर त्याच्यावर गेली, तव्हा त्याला कळलं आपण काय बोलून बसलो. तोंड पांढरंफटक. मी लगेच माईक घेतला, एक क्षण दिला नाय, आन् माझ्या खास आवाजात पुकारलं, मंडळी, वधूपिता दिलीपराव यांच्याकडून आपल्या मातोश्री चंद्रकलाबाई यांना आहेर! पडेगावचं राहतं घर, त्यांच्या जिवात जीव हाय तवर, अखंड! तीनदा पुकारलं, जसं मामाचं पुकारतो तसं. म्हाताऱ्या बायांनी तर डोळ्याला पदर लावला. आता दिलीप फिरतो कसा? पुकारलं म्हंजे दिलं.

मला वाटलं झालं आपलं काम, जिंकलो आपण. लई फुगलो होतो मी, खरं सांगतो. त्याच तोऱ्यात माईक घेऊन आत्यापाशी गेलो, म्हणलो, मातोश्रींनी आहेर स्वीकारला का? मला वाटलं, नुसती मान हलवंल. तिनं कधी माईकला हात लावेल नाय, विहारातबी मागं बसणारी बाई. तिनं माझ्याकडं पाह्यलं, दिलीपकडं पाह्यलं, मंग माझ्या हातातून माईक घेतला आन् म्हणली, का रं, घर तर माझंच हाय, माझंच घर मला आहेर कसा काय देतो?

अहो, अख्खा हॉल हसला! बाया हसल्या, गडी हसले, नवऱ्याकडचे पाव्हणे हसले, मीसुदीक हसलो आन् लाजलोबी, कारण एवढा पुकारणारा मी, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. हसू थांबलं तर ती तशीच उभी, माईक दोन्ही हातांनी धरेल. म्हणली, आहेर द्यायचा असंल तर माझं कार्ड दे.

दिलीप म्हणला, आई, कुठलं कार्ड. ती म्हणली, पेन्शनचं, दिलीप, तुझ्या पाकिटात हाय. रागानं नाय म्हणली हो, लहानपणी त्याला जसं सांगायची ना, चप्पल जागेवर ठेव, तसं. तेवढ्यात पूजा, नवरी, स्टेजवरून खाली उतरली आन् आजीच्या बाजूला येऊन तिचा हात धरून उभी राह्यली. दिलीपनं पाकीट काढलं. कार्ड दिलं आईच्या हातात. आन् मी काय करावं? माझं काम मी केलं. पुकारलं मी, आहेर पोचला!

असा आवाज माझा पुन्हा कधी लागला नाय.

गोरखशेठ मला दारात भेटला, म्हणला, सुदामभाऊ, मला लफड्याची जागा नको, म्हातारी खुशीत हाय सांगितलं म्हणून इसार दिला. मी म्हणलो, शेठ, आता तरी म्हातारीला इचारून देत जा. दिलीपनं ती मोठी गाडी इकून त्याचा इसार परत केला, आन् बाकीची देणी अजून फेडायलाय.

तुम्हाला वाटंल आत्यानं मला शाबासकी दिली असंल. कुठली! आठ दिवस बोलली नाय माझ्याशी. मंग बोलली तव्हा म्हणली, लेकराची इज्जत घालवली तू भर मंडपात. मी म्हणलो, मी तारीफ केली, कार्ड तू मागितलं. तर म्हणली, तू माईक तोंडाशी आणला नसता तर मी गपच बसले असते ना मुडद्या. शिव्या देत होती आन् माझ्या ताटात भाकर वाढत होती, आता ह्याला काय म्हणायचं?

पुढच्या पेन्शनला मी तिला बँकेत नेलं. नवीन नंबर टाकला कार्डाला, कुणाला सांगू नको म्हणून बँकेतल्या पोरीनं बजावलं. आत्यानं पैसे काढले, सरळ घरी आली आन् दिलीपला हाक मारली, आन् त्यातले निम्मे त्याच्या हातात ठिवले. मी तर बघतच राह्यलो, म्हणलो, आगं आत्या! तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाय. दिलीपला म्हणली, मागून घेतलं असतं तर मी कधी नाय म्हणले होते का रं? दिलीप तिथंच खाली बसला आन् रडला. मोठा माणूस, असा हुंदके देऊन.

तव्हापासून आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी एखाददुसरा पोरगा माझ्याकडं येतोच, सुदामभाऊ, उद्या माईक आमच्या आईच्या हातात देऊ नका बरं. मी हसतो, म्हणतो, देणार, मंग आजच घरी जा आन् जे तिचं हाय ते तिला देऊन टाक, उद्याची भीती राहणार नाय. काही जण जातेत, खरंच जातेत. माझा आवाज आता बसाय लागलाय, डॉक्टर म्हणतो कमी बोला, पर मी पडेगावात रस्त्यानं चाललो की म्हातारी माणसं दारातून जय भीम करतेत, च्या प्यायला बोलवतेत. मला अजून काय पाह्यजे?

आत्या घरातच हाय, पुढच्या खोलीत दिलीप आन् त्याची बायको, मागच्या खोलीत ती. बँकेत त्यो तिला फटफटीवर नेतो, आत ती एकटी जाती, त्यो बाहेर उभा राहतो. पैसे लागले तर मागतो, आन् ती देती. मागच्या महिन्यात मात्र तिचा मला फोन आला, सकाळी सकाळी, मला वाटलं तब्येत बिघडली का काय. तर म्हणली, सुदाम, आज दिलीपनं पैसे मागितले आन् मी नाय म्हणले. आवाज असा की लहान पोरीनं शाळेत पहिला नंबर काढला असावा. मी म्हणलो, मंग दिलीप काय म्हणला? म्हणली, काय म्हणंल, बरं म्हणला, आन् माझ्यासाठी च्या ठिवला.